बेळगावहून गाडी करून एका दिवसात कित्तूर-हलशी होईल काय?

आई-बाबांना घेऊन जायचंय, ड्रायव्हर आणि माहिती सांगणारा गाईड पण पाहिजे. कुठनं सुरुवात करू?

— सकाळी आधी बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जुनं जैन मंदिर) बघा, १२०४ ची आहे, छतावरचं दगडी कमळ बघतच राहाल. मग हायवेनं कित्तूर. १८२४ मध्ये राणी चन्नम्मा इंग्रजांशी लढली तो वाडा पडका आहे, गाईड नसला तर नुसत्या भिंती दिसतात बघा, म्हणून तिथं पैसे वाचवू नका.

— येताना बिडी गावावरनं हलशी करा, कदंब राजांच्या काळातलं भूवराह नरसिंह मंदिर आहे. जवळच नंदगड, तिथं राणी चन्नम्माच्या बाजूनं लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी, तिथं थांबाच! गाडी ठरवताना वेटिंगचं आधीच बोलून घ्या.