मांजरासकट परदेशी गेलेल्यांनो, तुमचे अनुभव इथे लिहा

गॅलरीतली तुळस

काल तळघरातून निळा पिंजरा वर काढला. ऑफिसातली ठाण्याची एक मुलगी पुढच्या महिन्यात तिच्या बोक्याला आणायला घरी चाललीय, तिला द्यायचा होता. दाराच्या जाळीत अजून ठकीचे चार पांढरे केस अडकलेले. जिन्यातच बसले मग थोडा वेळ.

२०१५ ला आम्ही डोंबिवलीहून श्टुटगार्टला आलो. नवरा आधी आला, मी पाच महिन्यांनी, कारण मन्या आणि ठकी. सगळे म्हणत होते, मांजरंच ना, तिकडे दुसरी मिळतील. सासूबाई एकट्या म्हणाल्या, "घरातलं माणूस मागे ठेवून जात नाहीत."

पहिली लस फुकट गेली. आधी कातडीखाली ओळखीची चिप, मग रेबीजची लस, असा क्रम लागतो आणि आमची लस आधीच टोचलेली. पुन्हा टोचली. मग ३० दिवस थांबून, लस लागू पडली का ते बघायला रक्त दिलं, आकडा ०.५ च्या वर आला म्हणजे पास, आणि रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने मोजत बसले. तेवढे दिवस पिंजरा हॉलमध्ये उघडा ठेवला होता, आत माझी जुनी सुती साडी. मन्या आठवड्यात त्यात झोपायला लागला. ठकी शेवटपर्यंत नाही.

विमानतळावर तपासणीला मांजर पिंजऱ्यातून काढून हातात धरून जावं लागतं हे मला माहीतच नव्हतं. रात्रीचा दीड, ठकीची नखं माझ्या खांद्यात, मी घामाघूम. तपासणीच्या बाई हळूच म्हणाल्या, "माझ्याकडे पण आहे एक. हिचं नाव काय?" त्या बाईंना मी अजून विसरले नाही. (मन्याला न्यायला नवरा पुढच्या महिन्यात परत आला. माणशी एकच.)

इथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, फ्रायगेंगर की घरातली? म्हणजे बाहेर हिंडणारी का? आता ठकी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावरून शेजारच्या गॅलरीत, तिथून जिन्यात, मासेवालीचा आवाज आला की थेट खाली. पण झोपायला आमच्याकडे. तिला काय म्हणायचं? इथे रस्त्यावर गाड्या, म्हणून घरातच ठेवली. दिवसभर खिडकीत बसायची. तीन आठवड्यांनी खालच्या आजींची चिठ्ठी आली: तुमचं मांजर रोज खिडकीत दिसतं, ते दुःखी आहे का?

राग आला आणि रडूही आलं. मीही तेव्हा दिवसभर त्याच खिडकीत असायचे.

चिठ्ठी घेऊन खाली गेले. मोडकं जर्मन. आजींनी आधी बसवलं, मग खिडकीचं सांगितलं. इथल्या खिडक्या वरून आत कलत्या उघडतात. त्या फटीतून मांजर बाहेर जायला बघतं आणि खाली घसरत फटीत आवळतं. त्यांचं एक तसंच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः जाळी घेऊन आल्या.

मन्या २०२१ मध्ये गेला, ठकी २०२३ मध्ये. तुमच्याकडे कसं झालं? तिथल्या लोकांचं मांजरांशी कसं असतं? लिहा.

ओली भेळ

ठकी नाव कित्ती गोड. वाचतेय.

पाचवा मजला

आम्ही वालडोर्फला, जर्मनीतच. इथे कंपनीमुळे मराठी घरं बरीच. २०२२ च्या मेमध्ये गावात फतवा निघाला की दक्षिण भागातली मांजरं ऑगस्टअखेरपर्यंत घरात ठेवा, नाहीतर दंड. कारण तुरेवाला चंडोल. जमिनीवर घरटं करतो, पिल्लांना उडता येत नाही, आणि जोड्या मोजक्याच उरलेल्या. आमचा गुंड्या तोवर रोज बाहेर जाणारा. त्याने दार खरवडून रंग काढला. गावात दोन तट पडले, बेकरीत भांडणं. मी आधी चिडलेलो. मग मुलगी शाळेतून त्या पक्ष्याचं चित्र काढून घेऊन आली. आपल्या माळावर दिसतो त्याच्याच जातकुळीतला. लहानपणी बाबांबरोबर सासवडच्या बाजूला बघितलेला. गुंड्याला पट्टा लावून फिरवायला लागलो. दोन आठवडे तो नुसता आडवा पडायचा. मग चालला.

सांडगी मिरची

पट्टा लावून मांजर!! फोटो टाका की

उन्हाळी वाळवण

ब्रिटन. इथे विमानाच्या केबिनमधून मांजर आणताच येत नाही, कार्गोनेच. माझी चिंगी सहा वर्षांची, कार्गो म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा. म्हणून मुंबईहून पॅरिसला केबिनमधून, तिथून दीर गाडी घेऊन आले आणि समुद्राखालच्या बोगद्याच्या गाडीने इकडे फोकस्टनला. लांबचा रस्ता पण पूर्ण वेळ ती माझ्या मांडीवर होती.

इथे उलटंच आहे पण. मांजर घरात कोंडलं तर लोकांना ते क्रूर वाटतं. दुसरं मांजर दत्तक घ्यायला गेलो तर पहिला प्रश्न, बाग आहे का, दाराला मांजराची खिडकी आहे का. नाही म्हटल्यावर नकार. मुंबईत आमच्या बिल्डिंगमध्ये मांजर जिन्यात दिसलं की तक्रार, आणि इथे दिसलं नाही की तक्रार. शेवटी घर बदललं तेव्हा चिंगीला बाहेर सोडलं. पहिल्या दिवशी मी खिडकीतून हललेच नाही. आता ती दोन घरांत जेवते. पलीकडचे आजोबा तिला मेबल म्हणतात, तीही ओ देते.

आणि काळं मांजर इथे शुभ! आई आली होती तेव्हा काळं आडवं गेलं, ती सवयीने थांबली आणि शेजारीण म्हणाली आज तुमचं नशीब चांगलं. आईने ते गावी सगळ्यांना सांगितलं.

जुना एसटी पास

१० जून २०२४ पासून इंग्लंडमध्ये चिप सक्तीची झालीय बरं का, २० आठवड्यांच्या आत. ५०० पौंडांपर्यंत दंड. भारतातली चिप असेल तर तिथल्या नोंदवहीत नंबर घालून घ्या, नुसती चिप असून उपयोग नाही. माझं सांगणं एवढंच.

कोरडी नदी

मी नेऊ शकले नाही.

ऑस्ट्रेलिया भारतातून थेट मांजर घेत नाही. आधी मान्य यादीतल्या तिसऱ्या देशात काही महिने ठेवायचं, मग तिथून मेलबर्नजवळ मिकलमला क्वारंटाइन. आमच्याकडे ना तिसरा देश, ना तेवढे पैसे. सोन्याला सांगलीला आईकडे ठेवलं. आई म्हणायची तो रोज संध्याकाळी सहाला दारात बसतो, माझ्या यायच्या वेळेला. नंतर तिने सांगणं बंद केलं. मी पण विचारणं बंद केलं.

आता कॅनबेरा. इथे १ जुलै २०२२ ला किंवा नंतर जन्मलेलं प्रत्येक मांजर मालकाच्या आवारातच ठेवावं लागतं. पक्षी आणि लहान प्राणी मांजरांनी फार मारलेत, शाळेतल्या मुलांनाही ते पाठ. मी ऑफिसात सोन्याचा फोटो लावला होता, कौलावर चिमणीमागे दबा धरलेला. एकजण बघून गप्प झाला. त्याला दुखावायचं नव्हतं मला, आणि फोटो काढून टाकायचाही नव्हता. तो अजून आहे, ड्रॉवरच्या आत चिकटवलेला.

दोन वर्षांपूर्वी इथलं एक मांजर घेतलं. परसात जाळीचा पिंजरा बांधलाय मोठा, कॅटिओ म्हणतात. सोन्या नाही ती. पण संध्याकाळी सहाला दारात असते.

ओली भेळ

अगं 😢

गॅलरीतली तुळस

कोरडी नदी, काय लिहू. तुझ्या आईला नमस्कार सांग.

सांडगी मिरची

अवांतर: मांजरांना सुकट नेता येते का? आमच्या बाईसाहेब दुसरं काही तोंडात घेत नाहीत. बेल्जियमला चाललोय.

पाचवा मजला

@सांडगी मिरची, युरोपात मांस आणि दूध आणता येत नाही, मासळीला माणशी २० किलोपर्यंत सूट आहे. पण घट्ट बंद करून आणा, विमानात वास सुटला तर सगळ्यांचे हाल. आणि खारवलेली नको, मांजराला मीठ वाईट.

निळं छप्पर

सुकटीवरून आठवलं, मालवणला आमच्या आजीकडे १४ मांजरं होती. कुणी पाळलेली नव्हती, मासे साफ करायला बसली की यायची. तिला प्रत्येकाचं नाव माहीत. परदेशाशी संबंध नाही याचा, सहज आठवलं.

दुपारचा चहा

न्यू जर्सी, २००६. अपार्टमेंटच्या अर्जावर प्रश्न होता, मांजराची नखं काढलेली आहेत का? मला वाटलं कापलेली का विचारतायत, म्हटलं हो, दर पंधरा दिवसांनी कापतो. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, तसं नाही. ऑपरेशन. बोटाचं शेवटचं हाडच काढतात. आम्ही दोघं घरी येईपर्यंत बोललो नाही. ते घर सोडलं, लांबचं घेतलं, दोन वर्षं रोज दीड तास प्रवास केला आणि एकदाही पश्चात्ताप झाला नाही. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये बंदी घातली तेव्हा बायकोने शिरा केला होता.

मांजराचं महिन्याचं भाडं वेगळं द्यावं लागतं इथे, हे गावी कुणाला पटत नाही.

वाऱ्यावरची वरात नाही

सिंगापूर. इथे सरकारी घरांत, म्हणजे एचडीबीत, १९८९ पासून मांजरबंदी होती. कुत्रं चालायचं (ठरलेल्या जातींचं), मांजर नाही. आम्ही फक्त भुऱ्यासाठी महागडा काँडो, म्हणजे खासगी फ्लॅट, घेतला. १ सप्टेंबर २०२४ ला बंदी उठली, आता दोन मांजरं चालतात, परवाना आणि चिप लागते. त्या आठवड्यात आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या कितीतरी खिडक्यांत एकदम मांजरं दिसायला लागली. इतकी वर्षं पडद्यामागे होती बिचारी.

मेतकूट

मदत हवी आहे. झिपरी १३ वर्षांची, किडनीचं दुखणं आहे, औषध चालू. आम्हाला डब्लिनला जायचंय, सहा महिने आहेत हातात. डॉक्टर म्हणतात नेऊ शकता, भाऊ म्हणतो छळ करू नका म्हातारीचा. मला रात्रभर झोप नाही. कुणी म्हातारं मांजर नेलंय का?

उन्हाळी वाळवण

हो. माझ्या मैत्रिणीने १२ वर्षांचा बोका नेला, तो पुढे चार वर्षं जगला. रक्ताचे रिपोर्ट निघायच्या आधी परत कर. झोपेचं औषध देऊ नकोस, उंचीवर श्वास आणि रक्तदाब बिघडतो.

कोरडी नदी

मेतकूट, ती तुझ्याशिवाय कुणाकडे जेवते का? त्याचं उत्तर हो असेल तर विचार कर. नाही असेल तर ने.

मेतकूट

नाही जेवत. एकदा तीन दिवस लग्नाला गेलो होतो, तेव्हा पाणीसुद्धा प्यायली नाही.

कोरडी नदी

मग ने ग.

तीन पायांचं स्टूल

जपान. रक्त काढल्यापासून १८० दिवस भारतातच थांबावं लागतं, नाहीतर उरलेले दिवस तिथे क्वारंटाइनमध्ये. आम्ही पुण्यातच थांबलो, कंपनीला कसंबसं पटवलं. प्राणी चालणारं घर शोधायला दोन महिने. राहायला गेल्यावर शेजाऱ्यांना छोटी भेट देऊन नमस्कार करायची पद्धत आहे, आम्ही तेव्हाच सांगितलं, घरात मांजर आहे, रात्री ओरडली तर माफ करा. त्यानंतर वरच्या बाई दर २२ फेब्रुवारीला बंड्यासाठी खाऊ आणून देतात. २-२-२ चा उच्चार न्यान न्यान न्यानसारखा, म्हणजे तिकडची म्याँव.

रस्त्यावरच्या ज्या मांजरांचं ऑपरेशन झालंय त्यांच्या कानाला छोटी खाच असते. पाकळीसारखी दिसते म्हणून त्यांना साकुरा मांजर म्हणतात. कानावर पाकळी असलेलं मांजर गल्लीत सगळ्यांचं. बंड्या पुण्यात तसाच होता, चार घरांचा.

जुना एसटी पास

आमच्याकडे उलटा प्रवास. १९ वर्षांनी परत पुण्यात, लंडनमध्ये जन्मलेलं मांजर घेऊन. कुकरच्या शिट्टीला ती दोन दिवस पलंगाखाली. दिवाळीचं तर विचारूच नका, कपाटात चार रात्री, मी पण बाहेर खुर्ची टाकून. सोसायटीत एकांनी मीटिंगमध्ये विषय काढला, प्राणी नकोत. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं परिपत्रक छापून नेलं, सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही. विषय संपला. आता त्यांचीच नात रोज खेळायला येते.

सांडगी मिरची

सुकट घेतली. दोन पिशव्यांत, वर डबा.

मेतकूट

आज झिपरीला चिप बसवली. आधी चिप, मग लस, दोनदा विचारून घेतलं डॉक्टरांना. सुईला काही बोलली नाही, घरी येऊन माझ्याशी दोन तास अबोला. जुनी साडी पिंजऱ्यात घातलीय.

गॅलरीतली तुळस

बसली का आत?

मेतकूट

पुढचे दोन पाय.