मूठ सोडली तरी रेस उतरत नाही, अर्ध्या मुठीवर भडभडतं (सायकल इंजिन, टू-स्ट्रोक)

खडखड्या:
सायकलला टू-स्ट्रोक किट आहे, किटबरोबर येणारा साधा एनटी कार्ब्युरेटर. मूठ सोडल्यावर रेस कधी उतरते, कधी तशीच राहते. हँडल डावीकडे वळवलं की आपोआप वाढते. अर्ध्या मुठीवर इंजिन भडभडतं, पूर्ण मुठीवर बऱ्यापैकी ओढतं. प्लग काळा, ओलसर. स्लो स्क्रू (मूठ सोडल्यावरची रेस ठरवणारा) आत-बाहेर करून पाहिला, भडभड तशीच. सुरुवात कुठून करू?

पाना_दहा:
केबलपासून. हँडल वळवल्यावर रेस वाढते म्हणजे केबल ओढली जातेय. अशा वेळी स्लाइड (कार्ब्युरेटरमध्ये मुठीबरोबर वर-खाली होणारा दट्ट्या) स्लो स्क्रूवर टेकत नाही, केबलला लटकते, आणि मग स्क्रू कितीही फिरवा, उपयोग शून्य.

इंजिन थंड असताना पेट्रोल कॉक बंद करा. कार्ब्युरेटरच्या टोपीवर केबलचा अ‍ॅडजस्टर आहे, त्याचा लॉक नट सैल करून अ‍ॅडजस्टर आत फिरवा. केबलचं बाहेरचं आवरण चिमटीत धरून वर ओढलं की २ ते ३ मिमी मोकळं उचललं पाहिजे. एवढी चाल मिळाली की हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून पुन्हा बघा. कुठेही चाल संपता कामा नये. अ‍ॅडजस्टर पूर्ण आत जाऊनही चाल मिळत नसेल तर केबलचा रस्ता चुकलाय. फ्रेमला घट्ट आवळलेली पट्टी कापा, वळण मोठं ठेवा, सिलिंडर आणि सायलेन्सरपासून केबल लांब न्या.

त्यानंतर टोपी उघडून स्लाइड बाहेर काढा. केबलची एखादी तार जरी तुटून उभी राहिली असेल तरी केबल बदला, तीच तार आवरणात अडकून रेस धरून ठेवते. स्प्रिंग काढून नुसती स्लाइड भोकात सोडा, स्वतःच्या वजनाने खाली जायला हवी.

दोन_दात:
बसवताना स्लाइडची दिशा बघा. तिला दोन खाचा असतात: लांब खाच आतल्या पिनवर बसते, तिरपी खाच स्लो स्क्रूसमोर येते. खालचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे हवा. उलटी बसली तर स्लाइड खाली उतरत नाही आणि चालू होताच इंजिन फुल रेसला जातं. म्हणून पहिल्यांदा चालू करण्याआधी किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) चालतोय याची खात्री करा. हे टाळू नका.

अर्ध्या मुठीवरची भडभड मात्र वेगळी. या कार्ब्युरेटरला स्वतंत्र पायलट जेट (मंद रेससाठी पेट्रोल देणारं छिद्र) नाही. स्लो स्क्रू फक्त स्लाइड उचलतो, मिश्रण ठरवत नाही. साधारण पाव ते पाऊण मुठीपर्यंत नीडलचं (स्लाइडला लटकलेल्या सुईचं) राज्य, त्यापुढे मेन जेटचं (पेट्रोलच्या मुख्य छिद्राचं). तुमचं वर ठीक, मध्ये पेट्रोल जास्त, म्हणजे नीडल उंच आहे. नीडलवरची क्लिप एक खाच वर घ्या: नीडल खाली जाते, पेट्रोल कमी होतं. एकावेळी एकच खाच. नीडलवरची चकती परत बसवायला विसरू नका, नाहीतर नीडल उडत राहते.

गॅस्केट_प्रेमी:
नीडलला हात लावण्याआधी दोन गोष्टी. चोकचा लिव्हर हादऱ्याने हळूहळू वर सरकतो, म्हणजे चोक लागतो. आणि एअर फिल्टर तेलाने थबथबला असेल तरी प्लग असाच काळा होतो.

रेस न उतरण्याचं आणखी एक कारण म्हणजे हवेची गळती. कार्ब्युरेटर मॅनिफोल्डच्या (इंजिनकडे जाणाऱ्या) नळीवर शेवटपर्यंत ढकलून मगच क्लँप आवळा. आतली रबरी रिंग चपटी झाली असेल तर बदला.

पाना_दहा:
गळती असू शकते, पण हँडल वळवल्याने ती कमी-जास्त होणार नाही. केबल आधीच. चाल बरोबर असूनही इंजिन तापल्यावर रेस चढत राहिली, तर मॅनिफोल्ड तपासा. गळतीने मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं आणि पिस्टन जाम होतो, त्यामुळे तसं चालवत राहू नका.

खडखड्या:
चाल जवळपास नव्हतीच, आता केली. रेस उतरते. लिव्हर खालीच होता, फिल्टरही कोरडा. भडभड बाकी आहे. पेट्रोलमध्ये ऑइल कमी केलं तर?

दोन_दात:
नको. ऑइल वाढवलं की पेट्रोलचा वाटा घटतो, मिश्रण उलट किंचित लीन होतं. कमी केलं तर किंचित रिच (पेट्रोल जास्त) होईल आणि बेअरिंग उपाशी राहील. २०:१ म्हणजे लिटरला ५० मिली, तेवढंच ठेवा. क्लिप एक खाच वर घ्या, प्लग पुसून लावा, अर्ध्या मुठीवर चांगलं अंतर चालवून तिथेच किल स्विच दाबा आणि क्लच ओढा. प्लग गार झाल्यावर काढून बघा. पोर्सिलेन चॉकलेटी असेल तर थांबा. पांढुरकं दिसलं तर क्लिप परत एक खाच खाली.