एमडीआर टीबी: गोळ्या सोडल्याची शिक्षा की दुसऱ्याकडून आलेला जंतू? कोल्हापुरात जनुकीय तपासणी हवी का?

रंकाळ्याचा वारा

"एमडीआर झालाय म्हणजे यानं गोळ्या मध्येच सोडल्या असणार." हे वाक्य आपल्याकडं डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांच्या तोंडात असतं. एमडीआर म्हणजे रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन मुख्य औषधांना न जुमानणारा टीबी. माझं मत उलट आहे आणि त्यासाठीच हा धागा.

२०१४-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एमडीआरचं प्रमाण नव्या पेशंटांत २.८४ टक्के आणि आधी उपचार घेतलेल्यांत ११.६० टक्के निघालं. दुसरा आकडा दाखवून लोक म्हणतात, "बघा, अर्धवट उपचारवालेच." आता हिशेब करू. समजा १००० पेशंटांत ८५० नवे आणि १५० जुने. नव्यांतले एमडीआर २४, जुन्यांतले १७. म्हणजे ज्यांनी आयुष्यात टीबीची गोळी पाहिली नव्हती तेच जास्त! त्यांना जंतू मिळाला तोच मुळात औषधाला न जुमानणारा. आणि त्या १७ मधल्यांनाही पहिल्याच खेपेला तसलाच जंतू लागला नव्हता हे कशावरून?

हे ठरवायचं तर जंतूच्या जनुकांत बघावं लागतं. क्षयजंतूचा जनुकक्रम सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे आणि वर्षाकाठी त्यात सरासरी अर्ध्या अक्षराचाच फरक पडतो. दोन पेशंटांच्या जंतूंत १२ पेक्षा जास्त अक्षरांचा फरक असेल तर अलीकडच्या काळात एकाकडून दुसऱ्याला लागण झाली नसणार. फरक ५ किंवा कमी असेल तर ताज्या लागणीचा संशय घट्ट होतो.

माझी मागणी सरळ आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक रिफाम्पिसिन-प्रतिरोधी नमुन्याचा पूर्ण जनुकक्रम काढा. जंतू पेशंटच्या अंगात तयार होतोय की कारखान्यात, वॉर्डात, एसटीत फिरतोय, ते कळू दे. मग कुणाला बोल लावायचा ते ठरवू.

छातीचा डॉक्टर

विरोध. हिशेब बरोबर आहे, पण त्यातून काढलेली मागणी चुकीची.

माझ्यासमोर बसलेल्या पेशंटला जंतूच्या कुळीचा, म्हणजे तो कुठल्या घराण्यातला याचा, उपयोग काय? जगात या जंतूच्या मुख्य कुळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दक्षिण भारतात पहिली जास्त, उत्तरेकडं तिसरी, शिवाय दुसरी म्हणजे पूर्व आशियाई आणि चौथी. कुळी कुठलीही असो, औषध ठरतं ते प्रतिरोधावर. पूर्ण जनुकक्रमासाठी बहुतेक वेळा आधी जंतू वाढवावा लागतो, त्यात दोन ते सहा आठवडे जातात. तोवर पेशंट घरात खोकतोच आहे.

साखळी कळली म्हणून तुटत नाही. प्रभावी औषध सुरू झालं की लागण पसरवण्याची ताकद झपाट्यानं घटते, साखळी तिथं तुटते. २०२४ च्या सुरुवातीला देशात टीबीच्या औषधांची टंचाई झाली आणि केंद्रानं राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितलं. त्या महिन्यांत कुणी माझ्या हातात जनुकक्रमाचा अहवाल दिला असता तर मी तो फाडला असता.

फौंड्रीवाला शिरोली

तुमचं दोघांचं चालू दे. पण फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायला, बारा-बारा तास उभारणाऱ्या पोरांच्या छातीत वाळूची धूळ जाते, त्यावर कोण बोलणार? सिलिकोसिस झालेल्याला टीबीचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे मला कंपनीच्या डॉक्टरनं न्हवं, युनियनच्या माणसानं सांगितलं. जनुकं बघा नायतर कुंडली बघा, आधी मास्क अन् एक्झॉस्ट बसवा.

रंकाळ्याचा वारा

@फौंड्रीवाला, धुळीचं शंभर टक्के मान्य. पण एकाच शेडमधल्या तिघांचा जंतू अक्षराला अक्षर सारखा निघाला तर कारखान्याची हवा हा मुद्दा मालकापुढं पुराव्यासकट मांडता येईल की नाही?

@डॉक्टर, साखळी कळून फरक पडतो. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतात टुगेला फेरी नावाचं गाव आहे. तिथं २००५-०६ च्या सुमारास एक्सडीआर, म्हणजे एमडीआरच्याही पुढच्या, दुसऱ्या फळीच्या औषधांनाही न जुमानणाऱ्या टीबीचे ५३ पेशंट सापडले, त्यातले ५२ दगावले. सुरुवातीला कुणालाही वाटेल की उपचार सोडणारी जनता. पण त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी आधी टीबीचा उपचार घेतलेलाच नव्हता आणि ज्यांचे जंतू तपासले त्यातल्या बहुतेकांचा जनुकीय ठसा एकच निघाला. दोन तृतीयांश पेशंट नुकतेच हॉस्पिटलात राहून आलेले. म्हणजे वाटप वॉर्डातून चाललं होतं. खिडक्या उघडणं, पेशंट वेगळे ठेवणं ही कामं मग यादीत वर आली.

छातीचा डॉक्टर

टुगेला फेरीत एचआयव्हीचा भाग फार मोठा होता, तो तुम्ही गाळलात. आणि खिडक्या उघडायला जनुकक्रम लागत नाही, बिजागरी लागते.

दुसरं उदाहरण मी देतो. न्यूयॉर्कमध्ये १९९० च्या आसपास एमडीआरनं थैमान घातलं होतं. त्यांनी समोर उभं राहून गोळी गिळायला लावली, हॉस्पिटलातली हवा सुधारली आणि आकडे खाली आले. क्षयजंतूचा पहिला पूर्ण जनुकक्रम प्रसिद्ध झाला १९९८ ला. त्याआधीच त्यांचं काम झालेलं.

रंकाळ्याचा वारा

पूर्ण क्रम नव्हता, पण डीएनएचे ठसे होतेच की! 'डब्ल्यू' नावाचा एकच जंतू हॉस्पिटलांतून आणि तुरुंगांतून फिरतोय, हे त्या ठशांवरूनच कळलं होतं. उदाहरण माझ्या बाजूचं आहे डॉक्टर.

स्पष्ट बोलणार

एवढं कशाला पाहिजे? मुंबईत दुसऱ्या कुळीचे एमडीआर जंतू भरपूर सापडलेत हे वाचलंय. लोक महालक्ष्मी एक्सप्रेसनं घेऊन येतात. बाकी एमआयडीसीत यूपी-बिहारवाले. जनुकं तपासा, बाहेरचं कोण ते आपोआप कळेल.

एसटीएस ताई

मी याच जिल्ह्यात टीबीची सुपरवायझर आहे, तालुका सांगत नाही. वरचा प्रतिसाद वाचला आणि मूळ मागणीला माझा विरोध कशासाठी ते लिहायलाच हवं असं वाटलं.

कुळी म्हणजे पत्ता नव्हे. तिसऱ्या कुळीचा जंतू सात पिढ्या कोल्हापुरात राहिलेल्या माणसाच्या छातीत असू शकतो आणि पाटण्याच्या माणसाला इथंच आपल्या माणसाकडून लागण होऊ शकते. पण गल्लीत हे कोण ऐकणार? नकाशावर चार ठिपके एका चाळीत पडले की दुसऱ्या दिवशी घरमालक खोली खाली करायला सांगणार. इचलकरंजीत लूमवर काम करणारे पेशंट मला म्हणतात, "ताई, घरी गाडी घेऊन येऊ नका, चौकात भेटा." रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते, त्यावरून सामायिक संडासात कुणी ओळखेल म्हणून एकानं गोळ्याच बंद केल्या होत्या. अशा माणसाला मी कुठल्या तोंडानं सांगू की तुझ्या जंतूचा पुण्या-मुंबईत अभ्यास चाललाय?

पोषणाचे महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ते वेळेवर खात्यावर पडले तर माझे निम्मे पेशंट टिकतात. माझा अनुभव सांगतेय, शास्त्र नाही.

आणि डॉक्टर, एक तुम्हालाही. खाजगीत खोकल्याला, जुलाबाला, तापाला पहिल्याच दिवशी लेव्होफ्लोक्सासिन, ऑफ्लोक्सासिन लिहिलं जातं. चार दिवस बरं वाटतं, टीबी लपतो आणि जंतू शिकून घेतो. वरच्या त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात एमडीआर पेशंटांपैकी पाचातल्या एकाहून जास्त जणांत हा औषधगट निकामी निघाला होता. ती शिकवणी गोळ्या सोडणाऱ्यांनी दिलेली नाही.

छातीचा डॉक्टर

फ्लुरोक्विनोलोनचं, म्हणजे त्या औषधगटाचं, मान्य. आमच्याच धंद्यातला दोष आहे आणि औषधदुकानदारही त्यात आहेत.

शिवाजी विद्यापीठ, मायक्रो

कुळीवरच अडून बसलात सगळे. खरा प्रश्न प्रतिरोध *कुठल्या बदलानं* आलाय हा आहे आणि आपली नेहमीची तपासणी त्यातलं फार थोडं बघते.

सीबीनॅट दोन तासांत सांगतं की टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का. त्यासाठी ते आरपीओबी जनुकाचा ८१ अक्षरांचा तुकडा बघतं. बदल त्या तुकड्याबाहेर असेल तर यंत्र म्हणतं "सेन्सिटिव्ह". इस्वातिनीत, म्हणजे पूर्वीच्या स्वाझीलँडमध्ये, २००९ च्या सर्वेक्षणातल्या एमडीआर जंतूंपैकी सुमारे ३० टक्क्यांत असाच बाहेरचा बदल निघाला. तसला जंतू या यंत्राला दिसत नाही, म्हणून त्याला पसरायला मोकळं रान.

आयसोनियाझिडचं तर नेहमीचं सीबीनॅट विचारतच नाही. आपल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नव्या पेशंटांपैकी सुमारे ११ टक्क्यांत आणि जुन्यांपैकी सुमारे २५ टक्क्यांत आयसोनियाझिडला प्रतिरोध होता. पहिल्या दोन महिन्यांनंतर आपल्याकडं रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड आणि इथॅम्ब्युटॉल एवढंच चालू राहतं. आयसोनियाझिड आधीच मेलेलं असेल तर सगळा भार रिफाम्पिसिनवर येतो आणि पुढचा एमडीआर तिथं घडतो. पेशंटनं एकही गोळी चुकवलेली नसताना! हा प्रकार "गोळ्या सोडल्या" मध्ये बसत नाही, "दुसऱ्याकडून आला" मध्येही पुरता बसत नाही. धाग्याचं शीर्षकच अपुरं आहे.

शिवाय बदल कुठल्या जनुकात आहे त्यानं उपचार बदलतो. केटजी मधला असेल तर आयसोनियाझिड जवळजवळ गेलंच. इन्हा मधला असेल तर प्रतिरोध हलका असतो, जास्त मात्रा चालू शकते, पण इथिओनामाइड हे दुसरं औषधही सोबत जातं.

आता नवं. बीपॅलएम उपचाराला सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्याकडं मान्यता मिळाली. बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लोक्सासिन, सहा महिन्यांत काम. पूर्वी दीड-दोन वर्षं लागायची आणि त्या इंजेक्शनांनी कान जायचे. पण बेडाक्विलिनला प्रतिरोध देणारे बदल आरव्ही ०६७८ या जनुकात कुठंही विखुरलेले असतात, ते पट्टीवरच्या साध्या तपासणीत पकडता येत नाहीत. क्रम वाचावा लागतो, नाहीतर जंतू वाढवून औषधात ठेवून बघावा लागतो. हे औषध हातातून गेलं तर डॉक्टरांकडं उरतं काय?

आणि कुळीचा अगदीच उपयोग नाही असंही नाही. पहिल्या कुळीच्या जंतूंना रोखायला प्रयोगशाळेत प्रीटोमॅनिड जरा जास्त लागतं असं दिसलंय. दक्षिणेत तीच कुळी जास्त, आणि कर्नाटक आपल्यापासून तासाभरावर.

छातीचा डॉक्टर

प्रयोगशाळेत जास्त लागतं आणि पेशंट बरा होत नाही, यात खूप अंतर आहे. त्यावर जिल्ह्याचं धोरण ठरवू नका. बेडाक्विलिनचा मुद्दा मात्र वजनदार आहे. पण त्यालाही ४४ लाख अक्षरं कशाला? थेट बेडक्यातून प्रतिरोधाची नेमकी जनुकंच वाचायची पद्धत आता आहे, जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केलीये. जंतू वाढवायची वाट बघायला नको. ती पुण्यापर्यंत आली तरी पुरे. पेशंट बरा करायला उपयोगी पडेल असा अहवाल द्या, प्रबंध नको.

रंकाळ्याचा वारा

नेमकी जनुकं वाचून औषध कळेल, साखळी कळणार नाही. लागण वॉर्डात होतेय की घरात, हे विचारायचंच नाही असं ठरलं तर पुढच्या सर्वेक्षणातही आपण "पेशंट बेजबाबदार" हेच लिहिणार.

ताईंच्या मुद्द्यावर एवढंच: जनुकक्रम वेगळा, नाव-पत्ता वेगळा ठेवता येतो. नकाशा तालुक्याखाली न्यायचाच नाही, असा नियम करता येईल.

एसटीएस ताई

नियम करता येतो हो. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेशंटांच्या नावासकट याद्या फिरतात, तिथंही नियम आहेच. वॉर्डाचं तपासायचं असेल तर आधी वॉर्डात काम करणाऱ्या नर्स, शिपाई, सफाईवाल्या बायकांपासून सुरू करा. त्यांच्यात कितीजणांना टीबी झाला ते रजिस्टर उघडून मोजता येतं. ते कुणी मोजत नाही, कारण त्यात पेशंटचा दोष निघणार नाही.

फौंड्रीवाला शिरोली

ताई एक नंबर बोलला.

मायक्रोवाल्या भावा, एक सांग. माझ्या चुलत भावाचा परवा सीबीनॅट आलाय, त्यावर "रिफ सेन्सिटिव्ह" लिहिलंय. गोळ्या चालू झाल्यात. आम्ही निवांत झालो होतो. मग आता?

शिवाजी विद्यापीठ, मायक्रो

गोळ्या अजिबात थांबवायच्या नाहीत. रिफाम्पिसिनची बातमी चांगलीच आहे, पण आयसोनियाझिडचं उत्तर त्यात नाही. त्यासाठी "फर्स्ट लाइन एलपीए" ही पट्टीवरची तपासणी करायला सांगा. बेडक्यात जंतू भरपूर असतील तर थेट होते, नाहीतर आधी जंतू वाढवावे लागतात.

एसटीएस ताई

दादा, ज्या केंद्रातून गोळ्या मिळतात तिथंच निक्षय आयडी (टीबीच्या सरकारी नोंदणीचा नंबर) दाखवून विचारा, एलपीएला नमुना गेलाय का. पैसे लागत नाहीत. नमुना सकाळचा, चूळ भरून, खोल खोकून काढलेला, नुसती लाळ नको. झाकण घट्ट. दोन महिने संपताना परत तपासायचंय, ते चुकवू नका. फेटलिंगला असेल तर सध्या तिथून हलवायला सांगा.

छातीचा डॉक्टर

आणि घरात राहणाऱ्या सगळ्यांची तपासणी. लहान मुलं असतील तर लगेच. टीबी निघाला नाही तर प्रतिबंधक गोळ्या मिळतात, पण त्याही बहुधा आयसोनियाझिडवरच उभ्या असतात, म्हणून एलपीएचा निकाल डॉक्टरांना दाखवूनच सुरू करा. प्रतिरोध निघाला तर रिफाम्पिसिनवरचा दुसरा पर्याय आहे.

पूर्ण जनुकक्रमाला माझा विरोध कायम आहे, रंकाळेसाहेब.