पाखरं मोजून समुद्रातला मासा कळतो का?

शिवडीकर
परवा मांडव्याच्या बोटीमागे कुरवांचा (सीगल) हा थवा, पोरं गाठिया उडवतायत, आणि बाजूचे काका म्हणाले, बघा किती पाखरं, समुद्र मस्त आहे अजून. काकांचं सोडा पण मुद्दा खराय, पाण्याखालचा मासा मोजणं महाग, पक्षी तर डोळ्यांना दिसतात. पेरूत १९६५ च्या एल निनोत (समुद्र तापतो तेव्हा) अँकोव्ही या बारीक माशावर जगणारे पाणकावळे लाखोंनी मेले ते परत तेवढे वाढलेच नाहीत, बोटी मात्र भरून येत होत्या, १९७० ला एक कोटी टनांच्या वर अँकोव्ही काढली आणि १९७२ ला धंदा बसला. पाखरांनी सात वर्षं आधी सांगितलं होतं. आपल्याकडे का नाही मोजत?

तांडेलाचा_पोर
सुरय (टर्न पक्षी) सूर मारताना दिसले की खाली तारली हे आमच्या बापाला बिनपुस्तकाचं कळतं. पण ते वरवरच्या बारीक माशाचं झालं, तळातली घोळ पाखराला दिसते होय? आणि ट्रॉलरमागे गर्दी असते ती फेकलेल्या कचऱ्यासाठी, जेवढी नासाडी जास्त तेवढे पक्षी जास्त 😄

गाठियाविरोधी
+१. आणि गेटवेचे कुरव पाहुणे, त्यातले बरेच लडाख-तिबेटच्या तळ्यांवर अंडी घालून थंडीत इकडे येतात, म्हणजे कमी आले तर दोष अरबी समुद्राचा का तिकडच्या तळ्यांचा? रोहित (फ्लेमिंगो) घ्या, ठाणे खाडीत हजारोंनी, २०२२ ला खाडीला रामसरचा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जापण मिळाला, ते काय पाणी स्वच्छ म्हणून? सांडपाण्यावर शेवाळ माजतं, ते खायला येतात.

शिवडीकर
म्हणून थवे नाही, घरटी मोजायची. २०११ चा मोठा अभ्यास आहे, १४ जातींचे समुद्रपक्षी, सात ठिकाणचे समुद्र, त्यात दिसलं की मासा कमाल साठ्याच्या एक तृतीयांशाखाली गेला की पिल्लं जगेनाशी होतात. घरट्यातलं पिल्लू गाठियावर वाढत नाही. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या खडकांवर सुरयांची वीण होते, तिथून सुरुवात करा. आणि बंदरावरच्या आकड्यावर तरी किती भरवसा? २०१९ ला राज्याची मासळी दोन लाख टनांवर आली, ४५ वर्षांतली सगळ्यात कमी, पण त्या वर्षी वादळांमुळे बोटीच किती दिवस धक्क्याला होत्या, मग मासा नव्हता का बोट नव्हती?

तांडेलाचा_पोर
हा, ते वादळाचं बरोबर बोललात. पण माझी भीती वेगळी आहे. इंग्लंडने २०२४ ला पफिन-किटीवेक या समुद्रपक्ष्यांसाठी उत्तर समुद्रातल्या आपल्या हद्दीत सँडईल, म्हणजे त्यांचं खाणं असलेला बारीक मासा, पकडणं बंद केलं, छान, पण तिथे पकडणाऱ्या बोटी बहुतेक डेन्मार्कच्या, इंग्लंडवाल्यांच्या पोटाला चिमटा नाही. इथे घरटी कमी भरली की बंदी डोल जाळं लावणाऱ्या छोट्या मच्छीमारावर येणार, एलईडी लावून रात्री मासा उपसणारा सुटणार. आत्ता तरी वेगळं काय चाललंय?

गाठियाविरोधी
शिवाय वेंगुर्ल्याची घरटी मोजून वर्सोव्याच्या बोंबलाचं काय कळणार, ते अंतर बघा राव.

शिवडीकर
बोंबलाचं नाही कळणार, मान्य. तारलीचं कळेल. @तांडेलाचा_पोर वडलांनी सुरय कुठल्या महिन्यात कुठे पाहिले ते लिहून ठेवलंय का कुठे?

तांडेलाचा_पोर
लिहायला कोण बसतंय, सगळं डोक्यात. रविवारी या, दुपारी झोपतात ते, चारनंतर या. वही तुमची आणा.