ओमास एक्स्ट्रा ल्युसेन्स घेताना काय तपासावं?

प्रश्न: इटलीतल्या बोलोन्याच्या ओमास या पेन-कंपनीचं १९३०च्या दशकातलं एक्स्ट्रा ल्युसेन्स हे शाईचं पेन विक्रीला आलंय. पिस्टन (शाई आत ओढणारा दट्ट्या) घट्ट आहे, निब पोलादी. घ्यावं का?

उत्तर १: आधी टोपण काढून वास घ्या. कापराचा वास आला तर ठीक, पेन ज्या सेल्युलॉइडचं (सेल्युलोज नायट्रेटपासूनचं जुनं प्लास्टिक) असतं त्यात कापूर असतोच. झोंबणारा आंबट वास मात्र सडणं सुरू झाल्याची खूण, कारण नायट्रेट विघटन पावून आम्ल सोडतं. मग बॅरल (पेनाची शाई भरायची नळी) दिव्यासमोर धरा. पारदर्शक भागात आत जाळीसारख्या बारीक भेगा दिसल्या, क्लिपवर हिरवट थर असला, तर सोडून द्या. ती सड थांबवता येत नाही आणि वाफेने शेजारची पेनंही खराब होतात. असं पेन बंद डब्यात इतरांसोबत कधीच ठेवू नका, विशेषतः आपल्या पावसाळ्यात.

उत्तर २: घट्ट पिस्टन जोर लावून फिरवू नका, दांडा तुटतो. बहुधा पिस्टनच्या टोकाचं बूच वाळून चिकटलेलं असतं. बॅरलमध्ये थोडं कोमट पाणी भरून तासभर निब वर करून उभं ठेवा, मग हलक्या हाताने पुढेमागे करा. स्पिरिट, ॲसिटोन अजिबात नको, सेल्युलॉइड विरघळतं. हेअर ड्रायरही नको. पिस्टन मोकळा झाल्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट थर पुरतो.

उत्तर ३: पोलादी निब म्हणजे बदललेलीच असं नाही. १९३५-३६च्या राष्ट्रसंघाच्या निर्बंधांनंतर इटलीत सोन्याची टंचाई होती, तेव्हा पेनांना पोलादी निबा बसल्या. निबवरचं नाव आणि फीडशी (निबखालचा, तिला शाई पुरवणारा भाग) तिची बसण जुळते का, तेवढं बघा.