'शटर आयलंड'चा शेवट: प्रायश्चित्त की पळवाट? (शेवट फोडला आहे)

धुकं: स्कॉर्सेसीच्या 'शटर आयलंड'मध्ये (२०१०) भ्रमात स्वतःला मार्शल टेडी समजणारा मनोरुग्ण अँड्र्यू लेडिस शेवटी स्वतःच्या पायांनी लोबोटॉमीला (मेंदूवरच्या शस्त्रक्रियेला) जातो. राक्षस म्हणून जगणं वाईट की भला माणूस म्हणून मरणं, असं विचारतो. एवढ्यावरून तो शुद्धीत होता म्हणायचं? आणि असेल तर हा आत्मत्याग का?

तिसरी घंटा: वाक्याच्या मागचं-पुढचं बघा. पायऱ्यांवर तो त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. शीहनला 'चक' म्हणतो, म्हणजे भ्रमातल्या आपल्या जोडीदाराच्या नावाने हाक मारतो. शीहन लांब उभ्या मुख्य डॉक्टर कॉलीकडे बघून मान हलवतो, तिथेच निकाल लागतो. ते वाक्य त्यानंतर येतं. शीहन हादरून 'टेडी?' अशी हाक मारतो आणि हा वळतच नाही. भ्रमात असता तर त्या नावाला ओ दिली असती. डेनिस लेहेनच्या कादंबरीत (२००३) हे वाक्य नाही, ते सिनेमाने घातलंय.

रीळ: शुद्धीत होता हे मान्य, आत्मत्याग मान्य नाही. त्यागातून कुणाचं तरी भलं व्हावं लागतं. मुलं तळ्यात बुडाली, बायकोला त्यानेच गोळी घातली, आता उरलंय कोण? उलट कॉलीची हार होते. कापाकापी न करता रुग्ण ताळ्यावर येतो, हे त्याला सिद्ध करायचं होतं. शिवाय लोबोटॉमीने माणूस बहुधा मरत नसे, भावना बोथट होत. मग टोचणीच गेली तर प्रायश्चित्त कसलं?

याच्या शेजारी 'द मशिनिस्ट' (२००४) ठेवा. फ्रिजवरच्या चिठ्ठीतल्या रिकाम्या जागा भरत भरत नायक ट्रेव्हर 'किलर' या शब्दापर्यंत येतो, आठवण पूर्ण झाल्यावर पोलिसांत जाऊन मुलाला गाडीने उडवून पळाल्याची कबुली देतो आणि वर्षभर झोप उडालेला तो अखेर कोठडीत झोपतो. सगळं लक्षात ठेवून शिक्षा घेतली, म्हणून ते प्रायश्चित्त.

तिसरी घंटा: ट्रेव्हरबद्दल पटलं. पण 'उरलंय कोण' म्हणताना जॉर्ज नॉइस हा दुसरा रुग्ण राहून गेला. 'लेडिस' म्हणाला म्हणून अँड्र्यूने त्याला बेदम मारलं होतं. सी वॉर्डातला तो सुजलेला चेहरा त्याचाच. शिवाय कॉली सांगतो की नऊ महिन्यांपूर्वीही अँड्र्यूने सगळं कबूल केलं होतं आणि परत घसरला. पुन्हा घसरलो तर पुढचा नॉइस कोण, हे त्याला त्या पायऱ्यांवर ठाऊक आहे.

रीळ: नॉइसचा मुद्दा बिनतोड आहे. 'कुणाचंच भलं नाही' हे मागे घेतो. टोचणीचं मात्र अजून पटत नाही.