जिम ट्रेनरच्या डाएटमुळे भावाचं लिव्हर बिघडलं, केस करता येते का?

माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा, वजन कमी करायला पुण्यात जिम लावली. ट्रेनरने डाएटचं पॅकेज दिलं, भात-चपाती बंद आणि दिवसातून दोनदा फॅट बर्नरच्या कॅप्सूल, त्या पण त्यानेच विकल्या, बिल नाही. डोळे पिवळे दिसायला लागले तर म्हणाला बॉडी डिटॉक्स होतेय, चालू ठेव. शेवटी ॲडमिट करावं लागलं. आता जिमवाले म्हणतात फॉर्मवर सही आहे, आम्ही जबाबदार नाही. खरंच काहीच करता येत नाही का?

प्रतिसाद १
आधी भाऊ कसा आहे ते सांगा. फॉर्मवर सही केली म्हणून हक्क संपत नाही, पैसे घेऊन सेवा दिली की ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो आणि सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात भरपाई मागता येते. पॅकेजची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी लागत नाही. मुदत २ वर्षांची आहे, पण थांबू नका. खरी अडचण पुढेच आहे, कॅप्सूलमुळेच लिव्हर बिघडलं हे दाखवावं लागतं, म्हणून डॉक्टरांना सांगून डिस्चार्ज कार्डवर तसं स्पष्ट लिहून घ्या. उरलेल्या कॅप्सूल अजिबात टाकू नका, आयोग त्या लॅबला पाठवू शकतो. आणि ते "चालू ठेव" व्हॉट्सॲपवर असेल तर सगळ्यात आधी चॅटचा बॅकअप घ्या, माझ्या मते तुमचा सगळ्यात मोठा पुरावा तोच.

प्रतिसाद २
डब्यावर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी लायसन्स नंबर आहे का बघा, नसेल तर एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) वेगळी तक्रार करा, उद्या तोच डबा दुसऱ्या पोराला विकला जाईल. पोलिसांकडेही जाता येतं, निष्काळजीपणाने जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ आहे.

प्रतिसाद ३
माझ्या बहिणीने इन्स्टावरच्या फुकट रील्स बघून असंच केलं होतं, तिथे पैसेच दिले नव्हते त्यामुळे ग्राहक म्हणून केस बसत नाही असं वकील म्हणाले. पण रील पेड प्रमोशन असेल आणि दावा दिशाभूल करणारा असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून विचारा.

मूळ प्रश्नकर्ता
भाऊ घरी आलाय, पथ्यावर आहे. चॅट सगळं आहे, पैसे जीपेने ट्रेनरच्या पर्सनल नंबरवर गेलेत, जिमच्या नाही. मग पार्टी कोणाला करायचं?

प्रतिसाद १
दोघांनाही. ट्रेनर जिमच्या फ्लोअरवर जिमचा टी-शर्ट घालून शिकवत होता ना, मग जिमला हात झटकता येत नाहीत. जीपेची एन्ट्री पुरावा म्हणून चालते. आधी वकिलाकडून नोटीस पाठवा.